सबवूफरची जागा कशी ठरवायची: खोली मोजण्यापासून शेवटच्या नॉबपर्यंत

सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर (थोडक्यात सब), घरी आला की बहुतेक वेळा जिथे कोपरा रिकामा असतो आणि वायर पोचते तिथेच त्याचं बस्तान बसतं. मग तक्रारी सुरू होतात. सिनेमात भिंती हादरतात, पण गाण्यातला बास ऐकूच येत नाही. एखादाच सूर खोलीभर घुमत राहतो. सोफ्याच्या एका टोकाला दणका, तर दुसऱ्या टोकाला काहीच नाही. यातल्या बहुतेक तक्रारी सब कुठे ठेवलाय आणि आपण कुठे बसलोय या दोनच गोष्टींतून येतात.

सब तोच, खुर्ची तीच, व्हॉल्यूमही तोच ठेवून सब नुसता दीड-दोन मीटर सरकवला, तर एखाद्या सुरात १५-२० डेसिबलचा फरक पडू शकतो. दुप्पट पैसे टाकून नवा सब आणला तरी त्या सुरात एवढा फरक पडत नाही. म्हणून या कामाचा क्रम मी कधी बदलू देत नाही: आधी जागा, मग क्रॉसओव्हर (कुठल्या फ्रिक्वेन्सीखालचा आवाज सबकडे जाईल ती हद्द) आणि फेज (सब आणि स्पीकरच्या लाटांचा मेळ), मग पातळी (सबचा आवाज किती), आणि इक्वलायझर (ठरावीक फ्रिक्वेन्सी वाढवणारा-घटवणारा) सगळ्यात शेवटी. जागा चुकली असेल तर पुढचं सगळं नॉब फिरवणं वाया जातं.

खोलीत नेमकं काय होतं

हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर असतो. त्या हिशेबाने ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी ४.३ मीटर, ४० हर्ट्झची ८.६ मीटर आणि २० हर्ट्झची १७ मीटर भरते. घरातल्या खोलीत एवढ्या लांब लाटा मावतच नाहीत. त्या समोरच्या भिंतीवर आपटून परत येतात, मागून येणाऱ्या लाटेत मिसळतात, आणि खोलीच्या मापाशी जुळणाऱ्या ठरावीक फ्रिक्वेन्सींवर जागच्या जागी उभ्या राहतात. हे स्थिर तरंग. ऑडिओवाले त्यांना रूम मोड म्हणतात.

आंघोळीच्या टबात पाणी लांबीच्या दिशेने हेलकावलं की दोन्ही टोकांना ते खूप वरखाली होतं आणि बरोबर मध्यावर पातळी जवळजवळ हलत नाही. पहिल्या मोडमध्ये हवेचा दाब तसाच वागतो: भिंतींपाशी सगळ्यात जास्त, मध्यावर शून्याच्या जवळ, म्हणजे खड्डा. दुसऱ्या मोडमध्ये मध्यावर पुन्हा जोर येतो आणि खड्डे सरकतात खोलीच्या पाव आणि पाऊण अंतरावर.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढचा सगळा लेख त्यांच्यावरच उभा आहे. सब जिथे दाब जास्त असतो तिथे ठेवला तर तो मोड पेटतो, खड्ड्यात ठेवला तर त्या मोडला धक्काच बसत नाही. कानाचंही तसंच: कान दाबाच्या जागी असेल तर तो सूर फुगलेला ऐकू येतो, खड्ड्यात असेल तर गायब होतो. म्हणजे सबची जागा आणि खुर्चीची जागा ही एक जोडी आहे, आणि एकीचा विचार दुसरीशिवाय करताच येत नाही.

नेहमीच्या आकाराच्या खोल्यांत हे प्रकरण साधारण १५० ते २०० हर्ट्झच्या खाली चालतं. त्याच्या वर मोड इतके दाट होतात की ते एकेकटे जाणवत नाहीत. सबचं सगळं काम मात्र त्या खालच्या पट्ट्यातच असतं.

टेप घ्या आणि खोली मोजा

लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजा. १७२ ला त्या मापाने भागलं की त्या दिशेचा पहिला मोड मिळतो. फुटांत मोजलं असेल तर १७२ ऐवजी ५६५ घ्या. पहिल्या मोडची दुप्पट म्हणजे दुसरा, तिप्पट म्हणजे तिसरा.

समजा खोली ५ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच आहे. लांबीचे मोड ३४, ६९ आणि १०३ हर्ट्झच्या आसपास येतात, रुंदीचे ४८ आणि ९६, उंचीचा ६१. हे आकडे कागदावर खोलीचा नकाशा काढून त्याच्या शेजारी लिहून ठेवा. नंतर एखादा सूर घुमतोय असं वाटलं की त्याचा मालक कोण हे या कागदावरून कळतं. बेस गिटारच्या चार मोकळ्या तारा ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झवर असतात. या खोलीत ९८ हर्ट्झची तार रुंदीच्या दुसऱ्या मोडला आणि लांबीच्या तिसऱ्या मोडला खेटून आहे, आणि त्याच तारा खालपासून एकेक सूर वर चढवत वाजवल्या तर मधल्या काही सुरांना मोडचा टेकू मिळतो, काहींना मिळत नाही. बास 'एकसारखा नाही' असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा हेच ऐकत असतो.

लांबी, रुंदी, उंची यातली दोन मापं सारखी असतील, किंवा एक दुसऱ्याच्या नेमकी दुप्पट असेल, तर मोड एकमेकांवर चढतात आणि तो सूर जास्तच डोकं वर काढतो. चौरस खोलीत म्हणून अधिक मेहनत घ्यावी लागते. खोली इंग्रजी एल अक्षरासारखी असेल, किंवा एक बाजू उघडी होऊन पुढच्या खोलीत जात असेल, तर हे गणित फक्त अंदाजापुरतं धरा आणि सरळ ऐकून तपासण्याकडे वळा. काँक्रीटच्या किंवा विटांच्या भिंती खर्ज जवळजवळ पूर्ण परत फेकतात, त्यामुळे तिथले मोड टोकदार असतात. जिप्सम बोर्डच्या हलक्या भिंती स्वतः थरथरतात आणि थोडी ऊर्जा खाऊन टाकतात, थोडी बाहेर सोडतात. तिथे बास कमी घुमतो, पण शेजारच्या खोलीत जास्त पोचतो.

सबच्या आधी खुर्ची

ही पायरी बहुतेक जण गाळतात. सब हलवायची तयारी असते, सोफा मात्र जिथे आहे तिथेच राहणार असं गृहीत धरलेलं असतं. खरं तर सोफा ४०-५० सेंटिमीटर सरकवण्याइतका मोठा फायदा फुकटात दुसरा कुठलाच मिळत नाही.

दोन जागा टाळा. एक, खोलीच्या लांबीचा बरोबर मध्य: तिथे लांबीचा पहिला आणि तिसरा, दोन्ही मोड खड्ड्यात जातात. आपल्या उदाहरणात ३४ आणि १०३ हर्ट्झ नाहीसे होतील. दोन, मागच्या भिंतीला डोकं टेकेल अशी जागा: तिथे लांबीचे सगळे मोड एकदम शिखरावर असतात, त्यामुळे बास भरपूर येतो पण सूर एकमेकांत कालवलेले वाटतात.

सुरुवातीला खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून पाहा, पुढच्या भिंतीपासून किंवा मागच्या भिंतीपासून. ५ मीटरच्या खोलीत हे अंतर १.९ मीटर येतं. इथे पहिल्या तीन मोडपैकी एकाचाही पूर्ण खड्डा पडत नाही. हा काही अटळ नियम नाही, शोध सुरू करायला बरी जागा आहे एवढंच.

सोफा मागच्या भिंतीलाच लागून राहणार असेल तर तो जमेल तेवढा पुढे ओढा. तेही शक्य नसेल तर सब बाजूच्या भिंतीपाशी, खोलीच्या लांबीच्या मध्यावर ठेवून पाहा. तिथे लांबीचा पहिला मोड पेटतच नाही, त्यामुळे मागच्या भिंतीपाशी फुगणारा सर्वात खालचा सूर ताब्यात येतो.

डाव्या-उजव्या बाजूचाही विचार करा. स्टिरिओसाठी आपण मध्यरेषेवर बसतो, म्हणजे रुंदीच्या पहिल्या मोडच्या खड्ड्यात. मधल्या माणसाला तो मोड ऐकू येत नाही, पण सोफ्याच्या दोन्ही टोकांना येतो. एकट्याने ऐकणाऱ्याला याची फिकीर नाही. तिघं-चौघं एकत्र सिनेमा बघणार असतील तर सब पुढच्या भिंतीच्या मध्याजवळ ठेवून बघा. तिथून रुंदीचा पहिला मोड पेटत नाही आणि सोफ्यावरच्या सगळ्यांना जवळपास सारखा बास मिळतो.

कोपरा, भिंत की सोफ्याजवळ?

सब आधीच जमिनीवर असतो. त्याच्या जवळ एक भिंत आली की खालच्या फ्रिक्वेन्सींना सैद्धांतिकदृष्ट्या ६ डेसिबलपर्यंत उचल मिळते, दुसरी आली की आणखी तेवढीच. प्रत्यक्षात ती थोडी कमी भरते. कोपऱ्यात म्हणून सगळ्यात जास्त आवाज मिळतो आणि ॲम्प्लिफायरवरचा ताण कमी होतो. पण लांबी, रुंदी, उंची या तिन्ही दिशांचे सगळे मोड कोपऱ्यातच शिखरावर असतात, त्यामुळे सबचा खोका जमिनीवर आणि कोपऱ्यात म्हणजे एकही मोड सुटत नाही. लहान सब आणि मोठी खोली असेल, किंवा हातात चांगला इक्वलायझर असेल, तर कोपरा उपयोगी आहे. तसं नसेल तर कोपऱ्यापासून एका भिंतीच्या कडेने ३०-६० सेंटिमीटर सरकत ऐकत जा. बऱ्याचदा घुमणं तेवढ्यानेच उतरतं.

भिंतीपासून लांब न्यायचा मोह मात्र आवरा. सबच्या आवाजाचा काही भाग मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि ज्या लाटेचा पाव भाग त्या अंतराएवढा असेल ती लाट परत येताना उलटी पडून मूळ आवाज कापते. हिशेब सोपा आहे: ८६ भागिले भिंतीपासूनचं अंतर मीटरमध्ये. अंतर १ मीटर असेल तर खड्डा ८६ हर्ट्झवर, १.२ मीटर असेल तर ७२ वर. नेमक्या त्याच ठिकाणी सब आणि मुख्य स्पीकर एकमेकांच्या हातात हात देत असतात. अंतर ३० सेंटिमीटर ठेवलं तर तो खड्डा २८० हर्ट्झच्या पुढे जातो, जिथे सब बोलतच नाही. म्हणून भिंतीच्या जवळ राहा. मागे पोर्ट (हवा ये-जा करायचं भोक) किंवा ॲम्प्लिफायरची पट्टी असेल तर हवेसाठी १०-१५ सेंटिमीटर मोकळे सोडा, बस्स.

टीव्हीच्या कपाटात किंवा शेल्फच्या बंद खणात सब कधीही ठेवू नका. पोर्टची हवा कोंडते, कपाट स्वतः वाजायला लागतं आणि बास जाडसर होतो.

एक पर्याय फारसा कुणी वापरून बघत नाही: सब सोफ्याच्या मागे किंवा शेजारी, कानापासून एक-दीड मीटरवर. इथे थेट आवाजाचा वाटा वाढतो, खोलीचा कमी होतो, आणि तेवढाच दणका मिळवायला व्हॉल्यूम बराच खाली ठेवता येतो. रात्री ऐकणाऱ्यांना आणि खाली-वर शेजार असलेल्यांना हे खूप मानवतं. अट एवढीच की क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ किंवा खाली असावा. त्याच्या वर गेलं की आवाज कुठून येतोय हे कानाला कळू लागतं आणि पुरुषी आवाज पाठीमागून बोलल्यासारखे वाटतात. छोटे सॅटेलाइट स्पीकर १२०-१५० हर्ट्झपर्यंतच उतरत असतील तर सबला पुढे, दोन स्पीकरच्या मधोमध किंवा त्यांच्या जवळच राहावं लागतं.

रांगत जागा शोधणे

वरचं सगळं गणित जागांची यादी छाटून देतं. निवड कानानेच करायची. त्यासाठीची जुनी पद्धत साधी आहे आणि तिच्यामागे पक्कं शास्त्र आहे: आवाजाचा उगम आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली तरी दोघांमधला खर्जाचा प्रवास तसाच राहतो. म्हणून सब खुर्चीवर आणि कान जमिनीजवळ.

आधी खोली नेहमीसारखी करून घ्या: पडदे जसे असतात तसे, दार ऐकताना जसं असतं तसं. उघड्या दाराने आणि बंद दाराने बास वेगळा लागतो. आता खुर्चीवर, शक्यतो बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीला, सब ठेवा. सब जड असतो, दोघांनी उचला. सोफा मऊ असेल तर तो बाजूला करून त्याच जागी भक्कम स्टूल ठेवा, म्हणजे सब कलंडणार नाही. मुख्य स्पीकर बंद करा. क्रॉसओव्हरचा नॉब ८० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवा.

वाजवायचं काय? ज्यात खालचे सूर एकामागून एक सारख्या जोराने येतात असं काहीतरी: डबल बेसची किंवा बेस गिटारची पायरी-पायरीने चढणारी-उतरणारी ओळ उत्तम. डग्ग्यावर तळवा सरकवत काढलेली घसीटही उपयोगी, कारण तिथे सूर न तुटता वरखाली होतो आणि मध्ये कुठे तो अचानक फुगला किंवा बुडाला तर लगेच कळतं. ३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा टेस्ट टोन असेल तर अधिकच चांगलं, पण व्हॉल्यूम मध्यम ठेवा. शुद्ध सूर मोठ्याने बराच वेळ चालवला तर सबच्या कॉइलला ते झेपत नाही. स्फोटांचे प्रसंग या कामासाठी निरुपयोगी आहेत. त्यात सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम येतात आणि जास्त आवाज हाच चांगला आवाज वाटायला लागतो.

आता ज्या-ज्या ठिकाणी सब खरोखर ठेवता येईल त्या ठिकाणी जमिनीवर कागदी टेपचे तुकडे चिकटवा आणि त्यांच्यावर क, ख, ग लिहा. दारासमोर, चालण्याच्या वाटेत सब राहणार नसेल तर तिथे तपासू नका. मग गुडघ्यांवर या आणि कान सबच्या कोनच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून २५-३० सेंटिमीटरवर आणा. उभं राहून नुसतं वाकणं पुरत नाही, उंचीचा मोड वेगळाच ऐकू येतो. एका खुणेपाशी तीच ओळ दोनदा ऐका, मग पुढच्या खुणेकडे जा.

ऐकताना मनात एकच प्रश्न ठेवा: सगळे सूर सारखे ऐकू येतायत का? सगळ्यात मोठा बास कुठे आहे हे शोधायचं नाही. मोठ्या आवाजाची जागा सापडली की बहुतेक वेळा ती कोपऱ्यातली असते आणि तिथे एक सूर बाकीच्यांना दाबत असतो. हवी ती जागा पहिल्यांदा किंचित फिकी वाटते. पण लक्ष देऊन ऐकलं तर प्रत्येक सुराची सुरुवात आणि शेवट वेगळा ओळखता येतो, तार छेडली आणि थांबवली हे कळतं. ती पातळी नंतर नॉबने वाढवता येते. बुडालेला सूर मात्र नॉबने वर येत नाही.

भिंतीच्या कडेने रांगत असाल तर बोटभर नाही, वीतभर सरका. वीस-पंचवीस सेंटिमीटरला चित्र बदलतं. दोन किंवा तीन खुणा निवडा, सब तिथे प्रत्यक्ष नेऊन ठेवा आणि खुर्चीत बसून खात्री करा. कान थकला की सगळंच ठीक वाटतं, तेव्हा शेवटचा निर्णय दुसऱ्या दिवशी घेतलेला बरा.

मोजमाप: जमत असेल तर नक्की

कानाने ८० टक्के काम होतं असं मी मानतो, पण मोजलं की वाद मिटतात. 'रूम ईक्यू विझार्ड' हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि 'यूमिक-१' सारखा यूएसबी मायक्रोफोन त्याच्याबरोबर थेट चालतो. मायक्रोफोन खुर्चीत, कान असतात तिथे, स्टँडवर लावा. खुर्चीत माणूस नको. १५ ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सलग चढणारा सूर) घ्या आणि प्रत्येक मोजणीला जागेचं नाव द्या. आलेख गुळगुळीत करणारं स्मूदिंग बंद ठेवा किंवा अगदी कमी ठेवा, नाहीतर अरुंद खड्डे दिसतच नाहीत.

आलेख पहिल्यांदा बघितला की धक्का बसतो. १५-२० डेसिबलचे चढउतार घरोघरी असतात. सपाट रेष मिळवायची नाहीये. ३० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात खोल आणि रुंद खड्डा नाही अशी जागा निवडायची. उंचवटे चालतील, ते पुढे कापता येतात.

मोबाइलवरचं ॲप खालच्या आवाजाला बरंच बहिरं असतं, त्यामुळे त्याचे आकडे खरे मानू नका. पण क आणि ख या दोन जागांची तुलना त्याच मोबाइलने, त्याच ठिकाणी धरून करायला हरकत नाही.

क्रॉसओव्हर, फेज, पातळी

जागा पक्की झाली, आता नॉब. एव्ही रिसीव्हर (सिनेमाचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटणारा ॲम्प्लिफायर) वापरत असाल तर मुख्य स्पीकर 'स्मॉल' वर टाका, क्रॉसओव्हर रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झ ठेवा, आणि सबवरचा क्रॉसओव्हर नॉब शेवटपर्यंत वर न्या किंवा 'एलएफई' स्थितीत (सबचा स्वतःचा फिल्टर बंद) ठेवा. दोन्हीकडे फिल्टर लावले तर एकावर एक चढून जोडाच्या जागी भोक पडतं. 'स्मॉल' या शब्दाने मोठ्या टॉवर स्पीकरच्या मालकांना वाईट वाटतं, पण त्याचा अर्थ खर्ज सबकडे वळवला इतकाच आहे.

फेजचा नॉब सबचा आवाज बदलण्यासाठी नसतो. क्रॉसओव्हरपाशी सब आणि स्पीकर एकत्र ढकलतायत की एकमेकांना ओढतायत हे तो ठरवतो. क्रॉसओव्हर जिथे आहे त्या फ्रिक्वेन्सीचा टोन दोन्हीकडून वाजवा. तुम्ही खुर्चीत बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी नॉब सावकाश फिरवायला सांगा. आवाज जिथे सर्वात मोठा होतो ती स्थिती बरोबर. याहून अचूक युक्ती म्हणजे सर्वात मोठा ऐवजी सर्वात लहान आवाज शोधणं, कारण खड्डा कानाला शिखरापेक्षा जास्त स्पष्ट कळतो. तो सापडला की मुख्य स्पीकरच्या दोन्ही वायरींचे प्लस-मायनस उलटून, किंवा सबवर ०/१८० चा वेगळा स्विच असेल तर तो बदलून, तोच खड्डा शिखरात बदला. वायर उलटणार असाल तर आधी ॲम्प्लिफायर बंद करा आणि दोन्ही स्पीकरना सारखंच उलटा.

रिसीव्हर स्वतः अंतर मोजत असेल तर सबचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा एक-दोन मीटर जास्त दाखवतो. ती चूक नाही. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाज उशिरा निघतो आणि रिसीव्हर तो उशीरही मोजतो. १ मीटर म्हणजे साधारण ३ मिलिसेकंद. तो आकडा टेपप्रमाणे 'दुरुस्त' करू नका.

पातळी लावताना साउंड मीटर सी-वेटिंगवर (खर्जही जवळपास पूर्ण मोजणारी पद्धत) आणि स्लो वर ठेवा. ए-वेटिंग ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल कमी मोजतं, त्यावर भरवसा ठेवला तर सब प्रचंड मोठा लावून बसाल. टेस्ट नॉइझवर सगळे स्पीकर ७५ डेसिबलला आणा, सबही तिथेच. मग आठवडाभर ऐका. हलक्या आवाजात ऐकताना कान खर्ज कमी पकडतो, म्हणून २-३ डेसिबल वाढवले तर त्यात गैर काही नाही. सब बंद केल्यावरच तो होता हे कळावं, चालू असताना त्याच्याकडे लक्ष जाऊ नये, ही माझी कसोटी.

खडखड शोधा

सबची जागा कळते ती बरेचदा सबमुळे नाही, तर दाराच्या कडीमुळे, भिंतीवरच्या फ्रेममुळे, काचेच्या शेल्फमुळे. हळू चढणारा टोन लावा आणि जिथे खडखड सुरू होईल तिथे थांबवा. तोच सूर चालू ठेवून खोलीत फिरा आणि संशयित वस्तूला हात लावून बघा. हात ठेवला की आवाज थांबला, तर गुन्हेगार सापडला. फेल्टचे तुकडे, रबराचे बटण, पडद्याच्या नळीला थोडा टेप, एवढ्यावर काम भागतं. लाकडी पोकळ जमीन असेल तर सबखाली मऊ पॅड ठेवा. त्याने जमिनीतून जाणारी थरथर कमी होते. हवेतून शेजारी जाणारा खर्ज मात्र पॅड अडवत नाही, त्याला आवाज कमी करणं हाच उपाय.

दुसरा सब घ्यावा का?

एकच ऐकणारा असेल तर एक सब, नीट ठेवलेला, पुरतो. तीन-चार जागांवर सारखा बास हवा असेल तर एक मोठा सब घेण्याऐवजी दोन मध्यम घ्या, असं मी बिनधास्त सांगतो. हरमन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडलेल्या कामात आयताकृती खोल्यांसाठी वेगवेगळ्या संख्या आणि जागा तपासल्या होत्या. चार भिंतींच्या मध्यावर चार सब फार चांगले ठरले, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब त्यांच्या आश्चर्यकारक जवळ आले.

कारण मोडमध्येच आहे. पुढच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर दोन सब एकत्र ढकलतात तेव्हा लांबीच्या पहिल्या मोडला दोघांचे धक्के विरुद्ध पडतात आणि तो शमतो. रुंदीच्या पहिल्या मोडच्या खड्ड्यात दोघंही बसलेले असतात, म्हणून तोही उठत नाही. मागे जागा नसेल तर दोन्ही सब पुढच्या भिंतीशी, रुंदीच्या पाव आणि पाऊण अंतरावर ठेवा. रुंदीचे पहिले तिन्ही मोड तिथून गप्प होतात. आपल्या ३.६ मीटरच्या खोलीत ही अंतरं डाव्या भिंतीपासून ०.९ आणि २.७ मीटर. दोन्ही सब शक्यतो एकाच मॉडेलचे असू द्या, नाहीतर त्यांच्या फेज जुळवताना दमछाक होते.

इक्वलायझर आणि फोम

इक्वलायझरने उंचवटे कापा, खड्डे भरू नका. खड्ड्यात थेट आणि परतलेली लाट एकमेकांना खोडत असतात. तुम्ही जोर वाढवलात की दोन्ही लाटा सारख्याच वाढतात आणि खड्डा तिथेच राहतो. दरम्यान ६ डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरला चौपट शक्ती लागते, १० डेसिबलला दहापट. कोनची धावही खालच्या फ्रिक्वेन्सीला झपाट्याने वाढते: एक सप्तक खाली तेवढ्याच आवाजासाठी चौपट. फुकट सब फाडायचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे.

भिंतीला चिकटवायच्या पातळ फोमकडून खर्जाची अपेक्षा ठेवू नका. ४० हर्ट्झच्या लाटेचा पाव भागच दोन मीटरहून मोठा आहे. ५ सेंटिमीटरच्या फोमला त्याचा पत्ताही लागत नाही. कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत जाड बास ट्रॅप (खर्ज शोषणारे थर) थोडी मदत करतात, मुख्यतः ८० हर्ट्झच्या वर. पैसे खर्च करायचेच असतील तर माझ्या मते आधी दुसरा सब, मग ट्रॅप.

रिसीव्हरचं आपोआप कॅलिब्रेशन (मायक्रोफोनने मोजून स्वतःच सेटिंग लावणं) करायचं असेल तर ते सब, सोफा आणि दार अंतिम जागी आल्यावरच करा, आणि झाल्यावर सेटिंग उघडून बघा. मोठ्या स्पीकरना ते कित्येकदा पुन्हा 'लार्ज' करून टाकतं किंवा क्रॉसओव्हर ४० वर नेतं. ८० वर परत आणा. नंतर कधी सब वीतभर जरी सरकवला, तरी मायक्रोफोन काढून ते सगळं पुन्हा करायला हवं.